किरकोळ बाबींचे कलम

घरात पिढीजात नथ असेल तर ती डबीतून निघाली की कुणीतरी हमखास सांगते, ‘यातले मोती बसऱ्याचे आहेत.’ बसरा हे नदीकाठचे शहर. तिथे मोत्यांचे शिंपले नाहीत. ज्यांना आपण बसरा मोती म्हणतो त्यातले पुष्कळसे बहारीनच्या बेटांभोवतीच्या उथळ समुद्रातले. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळ गाठत आणि शिंपले घेऊन वर येत. ते मोती जहाजांतून मुंबईच्या बाजारात येत, इथे निवडले जात, विकले जात आणि मग आपल्या सराफांच्या पेढ्यांवर पोचत. नाव मात्र राहिले उस्मानी साम्राज्यातल्या मोठ्या बंदराचे. लहान गावच्या वस्तूला मोठ्या शेजाऱ्याचे नाव लागले, आणि कुणाला त्यात काही वावगेही वाटले नाही.

मला ज्या वाक्याबद्दल लिहायचे आहे ते या नावाच्या भानगडीबद्दलच आहे. ते कुठल्या कवितेतले नाही. ११ मे १९७० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एकमताने संमत केलेल्या २७८ क्रमांकाच्या ठरावाचे ते शेवटचे वाक्य. ठराव जेमतेम अर्ध्या पानाचा. सुरुवातीला दोन नोंदी, पुढे दोन कलमे, संपले. पण मुत्सद्द्यांचे गद्य फार कंजूष असते. तिथे विशेषण वाढले तर त्यामागे महिनाभराची घासाघीस असते, आणि शब्द गळला तर त्यामागे दोन महिन्यांची. कवितेकडून आपण जी अपेक्षा करतो, की एकही शब्द फुकटचा नसावा, ती अपेक्षा इथे कवितेपेक्षा अधिक काटेकोरपणे पूर्ण होते. म्हणून या वाक्याचे रसग्रहण करायला मला संकोच वाटत नाही.

वाक्याचा आशय मराठीत असा. बहारीनच्या लोकांपैकी फार मोठ्या बहुसंख्येची इच्छा आहे की, आपल्या ओळखीला मान्यता मिळावी, ती एका पूर्णतः स्वतंत्र आणि सार्वभौम राज्याच्या रूपाने मिळावी, आणि त्या राज्याला इतर राज्यांशी आपले संबंध काय असावेत हे आपले आपण ठरवायची मोकळीक असावी. हे वाक्य मुळात परिषदेचेही नाही. ते व्हित्तोरिओ विन्स्पिअर ग्विच्चार्दी या इटालियन गृहस्थांच्या अहवालातले आहे. ते संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हा कार्यालयाचे महासंचालक. महासचिव ऊ थांट यांनी त्यांना आपले व्यक्तिगत प्रतिनिधी म्हणून बहारीनच्या राजधानीत, मनामाला, धाडले. ३० मार्च ते १८ एप्रिल १९७० असे जेमतेम तीन आठवडे ते तिथे राहिले. परिषदेने त्यांचे वाक्य उचलले, अवतरणचिन्हांत ठेवले आणि त्याचे स्वागत केले. ‘ठरवते’, ‘फर्मावते’ अशी क्रियापदे ठरावात नाहीत. आधी नोंद, मग दुजोरा, मग स्वागत. दीडशे वर्षे ज्या बेटांवर दोन-तीन साम्राज्यांनी हक्क सांगितला, त्यांचा निकाल लावताना जगातली सर्वांत बलवान सभा पाहुण्यांना पानसुपारी द्यावी तशी बोलते. हा सूर मुद्दाम खाली ठेवलेला आहे. आवाज चढवला असता तर बहारीनवर दावा सांगणाऱ्या तेहरानमध्ये कुणालातरी उठून उत्तर द्यावे लागले असते.

आता शब्द पाहू. पहिला अडखळवणारा शब्द ‘फार मोठी बहुसंख्या’. किती मोठी? आकडा नाही. नसणारच, कारण मोजणी झालीच नव्हती. इराणला सार्वमतासारखे काहीतरी हवे होते, म्हणजे दावा सोडताना ‘लोकांनी सांगितले म्हणून सोडला’ असे घरी सांगता आले असते. बहारीनच्या राज्यकर्त्यांना मतपेटी नको होती. एकदा लोकांना एक प्रश्न विचारला की ते पुढचा प्रश्नही विचारायला शिकतात, हे त्यांना ठाऊक होते. ब्रिटनलाही ती नको होती. तेव्हा मधला मार्ग निघाला. मत घ्यायचे नाही, मत जाणून घ्यायचे. क्लब, मंडळे, नगरपालिका, धर्मादाय संस्था, गावचे मुख्तार अशांची एक यादी केली गेली आणि विन्स्पिअर यांनी तिच्यातून लोकांना भेटावे असे ठरले. आपल्याकडे स्थळ पाहायला जाणारा जसा घरच्यांशी बोलतो, शेजाऱ्यांशी बोलतो, वाण्याकडे सहज चौकशी करतो आणि परतून म्हणतो ‘मंडळी बरी आहेत’, तसा हा अहवाल. त्यात टक्केवारी शोधणाऱ्याची निराशा होते. पण आकडा असता तर उरलेल्या टक्क्यांवरही दावा सांगता आला असता. दोन लाखांहून थोडी अधिक वस्ती, तिच्यात शिया आणि सुन्नी, अरब आणि इराणी मुळाची घराणी. अशा ठिकाणी आकडा न सांगणे ही या वाक्याची सर्वांत मोठी माया आहे आणि सर्वांत मोठी चलाखीही.

पुढे ‘ओळखीला मान्यता’. इथे मी पहिल्यांदा वाचताना थबकलो. स्वातंत्र्य मिळावे अशी इच्छा आहे, असे वाक्य म्हणत नाही. स्वातंत्र्य इथे राज्याचे विशेषण होऊन आले आहे, मागणीचे कर्म नाही. मागणी आहे ओळखीला मान्यता मिळण्याची. ओळख आधीपासून आहेच, ती कुणी द्यायची नाही. फक्त इतरांनी ती कबूल करायची आहे. इराणने १९५७ मध्ये बहारीनला आपला चौदावा प्रांत जाहीर केले होते आणि आपल्या संसदेत, मजलिसमध्ये, त्याच्यासाठी जागा राखून ठेवल्या होत्या. ब्रिटनच्या लेखी बहारीन संरक्षणाखालचे संस्थान. एका मोठ्या घराने ज्याला आपला हरवलेला मुलगा म्हणावे आणि दुसऱ्याने आपला पाळलेला, त्याने ‘मी कुणाचा मुलगा नाही, माझे नाव असे असे’ म्हणावे, तसा हा ‘ओळख’ शब्द आहे.

आणि गळलेला शब्द? तो ‘अरब’. विन्स्पिअर यांनी अहवालात नोंदवले आहे की, भेटलेल्यांपैकी मोठ्या संख्येने असेही सांगितले, हे राज्य अरब राज्य असावे. निष्कर्षाच्या वाक्यात पोचेपर्यंत ‘अरब’ बाजूला राहतो. अहवालाच्या पोटात आहे, ओठावर नाही. मराठी काव्यशास्त्र ज्याला व्यंजना म्हणते ती इथे उलटी चालते. जे सुचवायचे ते आधी स्पष्ट सांगून मोकळे व्हायचे आणि जे स्पष्ट सांगायचे त्यात ते सुचूही द्यायचे नाही. तेहरानच्या कानाला ‘अरब’ हा शब्द टोचला असता. त्यांचा दावा सोडवणे हे काम होते, त्यांना हरवणे नव्हे.

‘पूर्णतः’ या क्रियाविशेषणापाशी मात्र थांबायलाच हवे. स्वतंत्र म्हटल्यावर पूर्णतः कशाला? अर्धवट स्वतंत्र असे काही असते का? असते, आणि ते बहारीनने कागदावर भोगले होते.

त्यासाठी सुमारे एकशे दहा वर्षे मागे जाऊ. १८५९-६० च्या सुमारास बहारीनचा शेख महंमद बिन खलिफा चारी बाजूंनी घेरला गेला होता. समोरच्या किनाऱ्यावर नजदचे सौदी जकात मागत होते. उत्तरेला बगदादचा उस्मानी वली. समुद्रापलीकडे इराण, ज्याने सतराव्या-अठराव्या शतकांत बहारीनवर राज्य केले होते आणि १७८३ मध्ये शेखच्या आल खलिफा घराण्याने ते जिंकून घेतल्याचा सल विसरला नव्हता. आणि समुद्रावर इंग्रज. शेखने काय केले? शिराझला इराणी अधिकाऱ्यांकडे पत्र धाडले की आम्ही आपलेच. बगदादलाही तसेच धाडले. बहारीनवर आधी एकाचे निशाण चढले, मग दुसऱ्याचे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदींत या प्रकाराबद्दल वैताग भरला आहे. मला मात्र त्यात एक केविलवाणी हुशारी दिसते. जंजिऱ्याच्या सिद्दीने मोगल, मराठे आणि इंग्रज यांच्यात अशीच कसरत पिढ्यान्‌पिढ्या केली. बेटावरच्या माणसाला निशाणे बदलता येतात, बेट हलवता येत नाही.

या खेळाचा शेवट ३१ मे १८६१ च्या तहात झाला. आखातातले ब्रिटिश रेसिडेंट फेलिक्स जोन्स यांनी शेखची जहाजे अडकवली आणि त्याच्याकडून कायमच्या शांततेचा व मैत्रीचा तह करून घेतला. त्या काळी बुशहरची रेसिडेन्सी मुंबई सरकारच्या हाताखाली होती, त्यामुळे हा सगळा पत्रव्यवहार मुंबईला यायचा. तहात शेखने समुद्रावरचे युद्ध, चाचेगिरी आणि गुलामांचा व्यापार सोडला. बदल्यात इंग्रजांनी समुद्रावरच्या हल्ल्यांपासून संरक्षण द्यायचे. आणि या तहाच्या पहिल्याच ओळीत तो स्वतःला म्हणवतो, बहारीनचा स्वतंत्र शासक. तलवार टेकवून ज्याच्याकडून सही घेतली त्याला सहीच्या वर ‘स्वतंत्र’ लिहू द्यायचे! पण हा निव्वळ उपरोध नव्हे. तो स्वतंत्र असल्याशिवाय त्याने इराणला आणि तुर्कांना टाळून केलेला तह कायदेशीर कसा ठरणार? त्याचे स्वातंत्र्य इंग्रजांना हवे होते, फक्त ते इतरांपासूनचे स्वातंत्र्य. १९७० च्या ‘पूर्णतः’ला हा सगळा संशय चिकटलेला आहे. एकदा नासलेल्या दुधाच्या भांड्याला जसे दोनदा घासतात तसे ‘स्वतंत्र’ या शब्दाला ते क्रियाविशेषण घासते.

त्या ‘स्वतंत्र’ शासकाचे पुढे काय झाले? १८६७ मध्ये त्याने कतारवर स्वारी केली, १८६८ मध्ये रेसिडेंट लुइस पेलीने त्याला पदच्युत केले, १८६९ च्या धुमश्चक्रीत त्याचा भाऊ अली मारला गेला, आणि इंग्रजांनी अलीचा विशी उलटलेला मुलगा ईसा याला गादीवर बसवले. महंमदला पकडून हिंदुस्थानात नेऊन कैदेत ठेवले.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार परका वाटू नये. १८१९ च्या शेवटी मुंबईहून आखातावर जे आरमार गेले त्याचा सेनापती होता मेजर-जनरल विल्यम ग्रँट कीर. रस अल-खैमा उद्ध्वस्त करून जानेवारी १८२० मध्ये त्याने किनाऱ्यावरच्या शेखांशी जो सर्वसाधारण तह केला, त्यात पुढच्या महिन्यात बहारीनही सामील झाले. हाच ग्रँट कीर त्याच १८१९ सालच्या फेब्रुवारीत सावंतवाडीवर चालून गेला होता. रेडीचा यशवंतगड त्याने घेतला आणि सावंतवाडीने इंग्रजांचे वर्चस्व कबूल केले. तिथून तो कच्छला गेला, भुजचा किल्ला घेतला, आणि मग आखातात. एकच माणूस, एकच वर्ष, तीच मुंबईची फौज. रेडीचा किल्ला आणि रस अल-खैमाचा बुरूज एकाच दौतीतल्या शाईने लिहिले गेले. आपण कोकणचा इतिहास लिहिताना समुद्राकडे पाठ करून बसतो, म्हणून हे दिसत नाही.

आता त्या ओळीकडे येतो जिच्यासाठी या लेखाला हे शीर्षक दिले.

२२ डिसेंबर १८८० रोजी शेख ईसा बिन अलीने ब्रिटिश सरकारला एक करारपत्र लिहून दिले. उस्मानी फौजा १८७१ मध्ये समोरच्या अल-हसा किनाऱ्यावर येऊन बसल्या होत्या आणि त्या बहारीनकडे बघत होत्या, हे निमित्त. करार दोनच वाक्यांचा म्हणावा इतका लहान. पहिल्या वाक्यात शेख कबूल करतो की, ब्रिटिशांच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुठल्याही राज्याशी वाटाघाटी वा तह करणार नाही, दुसऱ्या कुणाला वकिलात वा कोळशाचा साठा ठेवू देणार नाही. इथे त्याला ‘स्वतंत्र शासक’ म्हटलेले नाही. तो आता बहारीनचा ‘प्रमुख’ आहे. वीस वर्षांत एक शब्द उतरला.

हे कलम वाचताना मला वसईचा तह आठवल्याशिवाय राहिला नाही. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने कबूल केले होते की, कंपनीला आधी कळवून आणि तिच्याशी सल्लामसलत केल्याखेरीज दुसऱ्या कुठल्याही सत्तेशी बोलणी सुरू करणार नाही. शाळेत आपल्याला वसईचा तह म्हणजे तैनाती फौज एवढेच शिकवतात. फौजेपेक्षा हे कलम जास्त घातक होते. पण शब्दांतला फरक पाहा. पेशव्याकडून मागितली सल्लामसलत. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी शेखकडून मागितली संमती. पेशव्याच्या कलमात निदान दोन माणसे समोरासमोर बसलेली दिसतात. शेखच्या कलमात एकजण दाराबाहेर उभा आहे.

आणि मग करारातले दुसरे वाक्य. हे बंधन, ते म्हणते, शेजारच्या राज्यांच्या स्थानिक अधिकाऱ्यांशी किरकोळ बाबींवर चालत आलेल्या स्नेहाच्या पत्रव्यवहाराला लागू नाही.

किती सुंदर आणि किती अपमानास्पद वाक्य! एक माणूस दुसऱ्याला सांगतो की मोठ्या गोष्टी माझ्याकडे दे, पण शेजाऱ्याला साखर उसनी द्यायला तुला माझी परवानगी लागणार नाही. पण जरा विचार केला की लक्षात येते, बेटाचे आयुष्य या किरकोळ बाबींतच असते. कुणाचे पाणबुडे कुणाच्या समुद्रात शिरले, पळालेला कर्जबाजारी नावाडी परत कसा आणायचा, खजुराच्या गलबतावर जकात किती, समोरच्या किनाऱ्यावर आपल्या टोळीची गुरे कुठे चरतील. मोठ्या साम्राज्यांना हे किरकोळ वाटते, कारण त्यांना तिथे राहायचे नसते. बहारीनचा कतीफशी, बुशहरशी, बसऱ्याशी जो काही व्यवहार होता तो सगळा या ‘किरकोळ’ शब्दाच्या आडोशाला होता. लहान राज्याचे परराष्ट्र खाते खरे पाहता नेहमीच असे असते. मोठ्यांची बोलणी सभागृहात, आपली बंदराच्या धक्क्यावर. ‘चालत आलेला’ हे विशेषणही नीट पाहावे. करार कबूल करतो की हा व्यवहार आपल्या आधीपासून आहे आणि आपल्याला तो बंद करता येणार नाही.

की येईल? १३ मार्च १८९२ रोजी ईसाकडून आणखी एक करार घेतला गेला. त्यात प्रदेश विकणार नाही, गहाण ठेवणार नाही, ब्रिटिशांखेरीज कुणाच्या ताब्यात देणार नाही, अशी कलमे आहेत. पण माझे लक्ष जाते पहिल्या कलमाकडे. ब्रिटिशांखेरीज कुठल्याही सत्तेशी करार वा पत्रव्यवहार करणार नाही. पत्रव्यवहार! बारा वर्षांपूर्वी ज्या शब्दाला सूट होती तोच आता बंदीच्या यादीत आला, आणि किरकोळ बाबींची खिडकी नव्या कागदावर उघडलीच नाही. जुना करार रद्द झाला नव्हता, तेव्हा ती खिडकी आहे की नाही हा वकिलांचा प्रश्न. मला त्यात दिसते ते एवढेच की, कुणीतरी मसुदा करताना मागचा कागद समोर ठेवून वाचला आणि त्या स्नेहाच्या पत्रांवर त्याची नजर गेली. ज्या ईसाने हे सगळे सही करून दिले त्यालाच १९२३ मध्ये ब्रिटिशांनी कारभारातून दूर केले. करारांत अंतर्गत कारभाराबद्दल अवाक्षर नव्हते. बाहेरचे दार एकदा दुसऱ्याच्या हातात गेले की आतल्या खोल्यांची किल्ली कुणी मागत नाही.

आता पुन्हा १९७० च्या वाक्याच्या शेपटाकडे. इतर राज्यांशी आपले संबंध आपले आपण ठरवायची मोकळीक. एरवी ही शब्दयोजना अनावश्यक आहे. पूर्णतः स्वतंत्र आणि सार्वभौम म्हटल्यावर ते आलेच. मग का लिहिले? एक तर ब्रिटनसाठी: १८८० ची आणि १८९२ ची कलमे यात उलटी फिरवून ठेवली आहेत, कुणाचेही नाव न घेता. दुसरे इराणसाठी: तू ज्याला प्रांत म्हणतोस तो उद्या तुझ्याशी स्वतःहून दोस्ती करू शकेल, दार बंद नाही. आणि तिसरे, अरब शेजाऱ्यांसाठी: तेव्हा नऊ अमिरातींचे संघराज्य करायची बोलणी चालू होती, बहारीन आणि कतारही त्यात होते. ‘आपले आपण’ म्हणजे त्या संघराज्यात जायचे की नाही तेही आम्ही ठरवू. एकाच पदबंधात तीन दिशांना तोंड करून उभे राहायचे. १८६० च्या दोन निशाणांची ही सुधारलेली आवृत्ती, फक्त आता निशाण आपले आणि ती कसरत व्याकरणात.

या वाक्यापर्यंत यायला वाट मोकळी झाली ती दिल्लीत. ब्रिटनने जानेवारी १९६८ मध्ये जाहीर केले की १९७१ अखेर आपण आखातातून निघणार. इराणच्या शहाला तोवर कळून चुकले होते की बहारीन बळाने घेतले तर सगळे अरब जग अंगावर येईल. ४ जानेवारी १९६९ रोजी नवी दिल्लीतल्या पत्रकार परिषदेत त्याने सांगून टाकले की, बहारीनच्या लोकांना इराणमध्ये यायचे नसेल तर इराण बळ वापरणार नाही. हे तेहरानमध्ये न बोलता परमुलखात बोलायचे, हेही मुत्सद्देगिरीचेच अंग. घरी बोलला असता तर सभेत प्रश्न आला असता.

आणि इथे या ठरावातला सर्वांत चमत्कारिक भाग. मे १९७० मध्ये ठराव सुरुवातीला दोन पत्रांची नोंद घेतो. एक इराणचे, ९ मार्चचे. दुसरे ब्रिटनचे, २० मार्चचे. बहारीनचे पत्र नाही. लिहिणार कसे? पत्रव्यवहाराचा अधिकार १८९२ पासून त्यांच्याकडे नव्हता. ज्या कागदात बहारीनला स्वतः बोलायची मोकळीक मिळाली त्या कागदात बहारीन स्वतः बोलत नाही. त्याच्याबद्दल इराण बोलतो, ब्रिटन बोलतो, एक इटालियन बोलतो, एक बर्मी महासचिव बोलतो. सोव्हिएत संघाने तक्रारही केली की परिषदेला न विचारता महासचिवांनी असा दूत पाठवायला नको होता. बहारीनच्या भवितव्यापेक्षा परिषदेच्या अधिकाराची काळजी त्यांना अधिक. तरी मतदानाला हात सगळ्यांचे वर गेले. त्या पंधरांत नेपाळ होता, ही नोंद मी पुन्हा पुन्हा वाचतो. दोन महाकाय शेजाऱ्यांमध्ये दबून बसलेल्या देशाच्या प्रतिनिधीला हे वाक्य कसे ऐकू आले असेल?

तेहरानच्या मजलिसमध्ये तीनच दिवसांनी ते मान्य झाले. विरोधात पडली चार मते, पॅन-इराणिस्ट पक्षाची. १४ ऑगस्ट १९७१ ला बहारीनने स्वातंत्र्य जाहीर केले, जुने करार संपल्याची पत्रांची देवघेव दुसऱ्या दिवशी झाली, आणि २१ सप्टेंबरला बहारीन संयुक्त राष्ट्रांत बसले. संघराज्यात ते गेले नाही. कतारही गेला नाही. मनामाच्या बाजारातून भारताने काढलेला आखाती रुपया १९६५ मध्येच गेला होता, दहा रुपयांना एक दिनार या भावाने.

वाक्याचे कौतुक करताना त्याने काय झाकले तेही सांगायला हवे, नाहीतर रसग्रहणाचे भाटगीत होते. ‘बहारीनचे लोक’ हे या वाक्याचे कर्ते आहेत. आल खलिफांचे नाव त्यात नाही, राजेशाहीचे नाही. लोकांची इच्छा मोजली गेली ती बाहेरच्यांशी संबंध काय असावा याबद्दल. घरात कोण राज्य करील हे कुणी विचारले नाही. डिसेंबर १९७३ मध्ये निवडून आलेली संसद ऑगस्ट १९७५ मध्ये विसर्जित झाली. आणि ‘आपले आपण ठरवायची मोकळीक’ वापरली कशी? १९७१ च्या डिसेंबरातच अमेरिकी आरमाराला जुफैरच्या ब्रिटिश तळातली जागा भाड्याने दिली गेली. १९९५ पासून अमेरिकेचे पाचवे आरमार तिथूनच चालते. १८८० मध्ये परक्याचा कोळसा ठेवायला दुसऱ्याची संमती लागे. आता संमती आपली, पण जहाजे दुसऱ्याचीच. कुणी याला पारतंत्र्य म्हणेल. मी तसे म्हणणार नाही, कारण निवड करणारा हात बदलला आहे. पण १९७१ च्या ३० नोव्हेंबरला इराणने अबू मुसा आणि तुंब बेटे घेतली, तेव्हा मनामात बसलेल्या माणसाने कोळशाच्या साठ्याचा विचार वेगळ्या डोळ्यांनी केला असेल एवढे मात्र खरे.

या शब्दांची एक मूर्तीही मनामात उभी राहिली होती. १९८१ मध्ये सहा राज्यांनी आखाती सहकार्य परिषद स्थापली आणि पुढच्या वर्षी तिची शिखर परिषद बहारीनमध्ये भरली. त्यानिमित्त एका चौकात स्मारक बांधले गेले. होडीच्या शिडांसारखे सहा बाक वर जाऊन मिळतात आणि त्यांच्या टोकावर एक मोती. सहा शिडे म्हणजे सहा राज्ये. मोती अर्थातच बहारीनचा, पण त्याला उचलून धरले सगळ्यांनी. फेब्रुवारी २०११ मध्ये लोक त्याच चौकात जमले, आणि या वेळी त्यांचा प्रश्न घरातल्या खोल्यांबद्दल होता. १४ मार्चला सौदी अरबस्तानाला जोडणाऱ्या पंचवीस किलोमीटरच्या पुलावरून सहकार्य परिषदेच्या फौजा आल्या. १८ मार्चला स्मारक पाडले गेले. विन्स्पिअर यांच्या वाक्यातला कर्ता चाळीस वर्षांनी चौकात येऊन उभा राहिला होता, आणि वाक्यात त्याच्यासाठी पुढचे क्रियापद नव्हते.

गंमत अशी की लहान राज्यांचा खरा कारभार अजूनही त्या १८८० च्या खिडकीतून चाललेला दिसतो. हवार बेटांवरून बहारीन आणि कतार यांचे भांडण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि मार्च २००१ मध्ये निकाल लागला, तो मोठा प्रसंग. जून २०१७ मध्ये बहारीनने सौदी, अमिराती आणि इजिप्त यांच्यासह कतारशी संबंध तोडले, तोही मोठा. जानेवारी २०२१ मध्ये अल-उला इथे समेट झाला, त्याच्या मोठ्या बातम्या झाल्या. तरी मनामा आणि दोहा यांच्यात दोन वर्षे विमान गेले नाही. ही दोन शहरे इतकी जवळ आहेत की विमानात चहाचा कप हातात येईपर्यंत उतरायची सूचना यावी. बहारीन आणि कतारच्या अधिकाऱ्यांच्या बैठका होत राहिल्या, बातम्यांत त्यांना कोपऱ्यातली जागा मिळाली, आणि २५ मे २०२३ रोजी पहिले विमान उडाले. किरकोळ बाब, शेजारच्या राज्याशी, स्नेहाची. त्यासाठी कुणाची संमती लागली होती की नाही, हे कुठल्याही कागदावर लिहिलेले नाही.